कच्च्या मडक्याला ई-प्रमाणपत्र

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला एक परीक्षा झाल्याची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटणं उचललं आणि जमलेल्या एकेका संताच्या डोक्यावर वाजवून पाहिलं. बाकी मडकी पक्की निघाली, नामदेव तेवढे कच्चे. ते रुसले, पण पुढं विसोबा खेचरांना गुरू करून पक्के झाले. परीक्षा ऑनलाइन असती, तर फॉर्म भरताच नामदेवांच्या मोबाइलवर ‘उत्कृष्ट सहभागाबद्दल’ ई-प्रमाणपत्र पडलं असतं आणि विसोबांपर्यंतचा हेलपाटा वाचला असता.

टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, शाळांसाठी ‘गोष्टींचा शनिवार’ हा वाचनाचा उपक्रम आला, तेव्हा पोरांनी निदान गोष्ट वाचायची तरी होती. आता जो तो ऑनलाइन कथाकथन स्पर्धा काढतो आणि गोष्टीचा व्हिडिओ मागतो. शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी निरोप पडतो: ‘अतितातडीचे. आज चारपर्यंत लिंक भरावी. निरंक चालणार नाही.’

मग भूम-परंड्याकडच्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेत धांदल उडते. एक गुरुजी पोषण आहाराचा आकडा भरत असतात, दुसरे मोबाइल आडवा धरून उभे. पोरगं रंगात येऊन सांगत असतं, ‘तवा शेळी म्हणली...’ गुरुजी थांबवतात. ‘तेव्हा शेळी म्हणाली. पुन्हा घे.’ चौथ्या खेपेला पोरगं इतकं शुद्ध बोलतं, की शेळी सदाशिव पेठेतली वाटायला लागते. (ती आहे उस्मानाबादीच. जिल्ह्याचं नाव बदललं, पण तिला अजून कुणी शासन निर्णय दाखवलेला नाही.)

निकाल लाईकवर. त्यामुळं सरपंच, साडू, पुण्यातली भावकी, सगळे कामाला लागतात. ऊसतोडीला गेलेला बापही फडात कोयता खाली ठेवून अंगठा दाबतो. व्हिडिओ बघत नाही. तेवढा नेटपॅक कुठला?

परीक्षकही तो बघतात, असं मानायला जागा नाही. तीन मिनिटांच्या गोष्टीचं प्रमाणपत्र दीड मिनिटात आलं.

गोष्ट मुळात पोराच्या आजीची. तिचं नाव कुठंतरी यावं म्हणून गुरुजींनी भल्या मनानं फॉर्म पुन्हा उघडला. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक होता, शालार्थ आयडी होता, ईमेल होता. गोष्ट कुणाची, हा रकाना नव्हता. शेवटी त्यांनी ‘वापरलेले शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात भरलं: आजी, १ नग.