दोन गुडघ्यांमधील पोकळी

वऱ्हाडातील मोर्शी तालुक्यात 'गाडी' हा शब्द जितका प्रचलित आहे तितकाच तो संदिग्ध आहे. 'गाडी बाहेर लावली', 'गाडी रिझर्व्हला लागली' आणि 'गाडी घेऊन वावरात गेला' या तीन वाक्यांत तीन निरनिराळी वाहने अभिप्रेत असू शकतात, आणि ऐकणाऱ्यास त्यांतील भेद जन्मतःच कळतो असे बोलणाऱ्याने गृहीत धरलेले असते. बदलून आलेला ग्रामसेवक, बँकेचा नवा अधिकारी किंवा सोयरिकीसाठी आलेला पाहुणा यांच्या ठायी ही उपजत जाण नसते, आणि 'या गाडीवर बसा' असे कोणी म्हणताच ते नेमके चुकीच्या वाहनापाशी जाऊन उभे राहतात. अशा जिज्ञासूंना मोटारसायकल, स्कूटर आणि मोपेड यांची निर्विवाद ओळख पटावी, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रारंभीच कायद्याचा आधार घेण्याचा मोह आवरावा, हे उत्तम. 1988च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार दोन चाकांचे प्रत्येक मोटार वाहन ही मोटारसायकलच असून, परवाना देताना विचार होतो तो केवळ ती गिअरची आहे की बिनगिअरची, एवढाच. एमएच 27 ही अमरावतीची अक्षरे मिरवणाऱ्या वाहनांपैकी एखाद्यास लोक लुना म्हणतात, एखाद्यास स्कुटी म्हणतात आणि एखाद्यास आजही फटफटी म्हणतात, याची दखल कायद्याने घेतलेली नाही. त्याच कायद्याने 50 सीसीपर्यंतचे वाहन सोळाव्या वर्षी चालविण्याची मुभा दिली आहे, परंतु बांधावरच्या वडाच्या सावलीत ही वयोमर्यादा फारच सैलपणे वाचली जाते, हा विषय वेगळा.

यंत्रशास्त्रही अभ्यासकास फार दूर नेत नाही. इंजिन किती सीसीचे, ते दोन धक्क्यांचे की चार धक्क्यांचे, शक्ती साखळीने जाते की पट्ट्याने, हे प्रश्न गाडी उघडून बसलेल्या मिस्त्रीच्या कामाचे होत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मनुष्यास तेवढा अवसर नसतो. म्हणून येथे एकच कसोटी सुचविण्यात येत आहे: चालकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये काय आहे, ते पाहावे. वऱ्हाडातील दुचाकीचे समग्र शास्त्र या वीतभर जागेत सामावले आहे.

गुडघ्यांच्या मध्ये पेट्रोलची टाकी असेल, तर ती मोटारसायकल होय. टाकी असल्यामुळे चालकास पाय मागून फिरवून बसावे लागते, आणि नऊवारी नेसलेल्या स्त्रीस हे वाहन चालविणे अशक्यप्राय होते. मागे एका बाजूस पाय सोडून बसणे एवढाच तिच्या वाट्याचा अधिकार उरतो. टाकीवर सामान ठेवता येत नाही, मात्र लहान पोरगा ठेवता येतो, आणि त्याने हँडल धरल्यामुळे आपणच गाडी चालवीत आहोत अशी त्याची ठाम समजूत होते. राजदूत आणि बुलेट या जुन्या पिढीच्या मोटारसायकली आवाजावरून ओळखू येत आणि त्यांवरून पाटलाचे घरही ओळखू येई. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि तिच्यामागून स्प्लेंडर, तेव्हापासून रुबाबाची जागा 'एव्हरेज किती देते' या प्रश्नाने घेतली. एव्हरेज म्हणजे एका लिटरात कापलेले अंतर. ते सांगताना मालक थोडे वाढवून सांगतो, आणि विकताना त्याहून थोडे जास्त.

गुडघ्यांच्या मध्ये काहीच नसून पायांखाली सपाट पत्रा असेल, तर ती स्कूटर समजावी. या पोकळीचा जनक कोर्राडिनो द'आस्कानियो हा विमाने व हेलिकॉप्टर यांचा इटालियन अभियंता असून, मोटारसायकलविषयी त्याला मनस्वी तिटकारा होता: साखळीचे तेल कपड्यांना लागते, चाक बदलणे जिकिरीचे जाते आणि बसताना टांग टाकावी लागते, हे त्याचे आक्षेप. त्याने 1946 साली पियाजिओ कंपनीसाठी रचलेल्या व्हेस्पात पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरलेले होते आणि इंजिन पत्र्याआड झाकलेले होते. हेच कुळ पुण्याजवळ आकुर्डीस येऊन बजाजच्या नावाने नांदले. इटालियन परवान्याची मुदत संपल्यावर 1972 साली त्याचे नाव चेतक झाले. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव दिलेले हे वाहन मिळण्यास नोंदणीनंतर कित्येक वर्षे लागत, त्यामुळे ते वराच्या मागणीत असे आणि वधूपित्याच्या झोपेत.

चेतक सुरू करण्याचा विधी येथे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे, कारण नव्या पिढीत तो लुप्त होत चालला आहे. मालकाने प्रथम गाडी एका अंगावर इतकी आडवी करावी की पाहणाऱ्यास ती पडली असे वाटावे. यामुळे पेट्रोल कार्बोरेटरकडे, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, उतरते अशी श्रद्धा आहे. मग ती सरळ करून चोक ओढावा, किक मारावी, न लागल्यास प्लग काढून फुंकावा, आणि तरीही न लागल्यास शेजाऱ्यास हाक मारावी. गिअर डाव्या मुठीत असल्यामुळे मनगटाला व्यायाम घडतो. पायाखालच्या पत्र्यावर गॅसचे सिलिंडर, उभे राहिलेले पोर किंवा संत्र्यांचे एक कॅरेट, म्हणजे फळे वाहण्याचा प्लास्टिकचा खोका, यांपैकी कोणतीही एक वस्तू बसते. दोन बसविणारे महाभाग आहेत, परंतु त्यांचे पाय मग कोठे असतात, हे न पाहिलेले बरे.

तिसरी जात मोपेडची. मोटर आणि पेडल या दोन शब्दांच्या आद्याक्षरांची गाठ घालून हे नाव स्वीडनमध्ये बनले, आणि आपल्याकडे ते पुस्तकातच राहिले, कारण 1972 साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 50 सीसीची लुना आणली आणि पुढे दुसऱ्या कोणत्याही कंपनीची मोपेड आली तरी वऱ्हाडाने तिला लुनाच म्हटले. लुनेच्या गुडघ्यांमधील पोकळी स्कूटरसारखीच मोकळी, परंतु तीत पत्रा नाही. एक आडवी नळी आहे, आणि या नळीवर काय काय बसते याची यादी करणे हा पदवीचा विषय होईल. युरियाचे पोते, फवारणीचा पंप, तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा, दोरीने पाय बांधलेली बकरी, हे सारे वाहून नेणारी लुना पाहणाऱ्यास केवळ चालणारे ओझे दिसते, आणि ओझ्याच्या वर एक दुपट्टा बांधलेले डोके. पेट्रोल संपले तर पेडल मारीत घर गाठता येई, ही तिची मूळ थोरवी होती. आजच्या मोपेडला पेडल राहिलेले नाही आणि इंजिनही शंभर सीसीच्या घरात गेले आहे, म्हणजे नाव सार्थ ठरविणारे काहीच उरलेले नाही. तरीही नळी आहे तोवर तिला मोपेड म्हणण्यास हरकत नसावी. 2024 साली विजेवर चालणारी लुना आली तीही याच पोकळीसह.

पट्ट्यावर चालणाऱ्या, बिनगिअरच्या आजच्या स्कूटरला येथे सरसकट स्कुटी म्हणतात, मग तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव असो. तिच्या डिक्कीत हेल्मेट असते आणि हेल्मेट डिक्कीतच असते, याहून अधिक तिच्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

कसोटीचा निकाल शंकास्पद वाटल्यास मृगाच्या पहिल्या पावसानंतर एखाद्या पांदणीच्या, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेच्या, तोंडाशी थांबावे. येथील काळी माती भिजली की टायरला चिकटते, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटते, आणि चाक फिरण्याचे थांबवून घसरू लागते. स्कूटरचे चाक साधारण दहा इंचांचे, त्यामुळे ती पांदणीत शिरतच नाही; मालक ती डांबरी रस्त्यावर उभी करतो आणि चपला हातात घेतो. मोटारसायकलचे चाक साधारण अठरा इंचांचे, त्यामुळे ती आत्मविश्वासाने शिरते आणि मधोमध अडते. मग स्वार उतरतो, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, गेल्या सालची तुराटी मोडतो, उकिडवा बसून मडगार्डातला चिखल लगद्यालगद्याने उकरतो, दहा पावले जातो आणि पुन्हा बसतो. लुनेचा मालक उतरून, इंजिन चालूच ठेवून, तिला कानाला धरलेल्या वासराप्रमाणे बाजूने चालवीत नेतो, आणि मोटारसायकलवाल्यास ओलांडताना त्याच्याकडे पाहत नाही.

या सिद्धांतास एक अपवाद आहे. बजाजच्या एम 80 या वाहनाचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला, तरी दुधाच्या कॅनसह ते अजूनही कोठे कोठे दृष्टीस पडते. त्याचे गिअर स्कूटरप्रमाणे मुठीत, चाके स्कूटरहून मोठी, आणि गुडघ्यांमधील पोकळी मोपेडप्रमाणे उघडी आहे. ही स्कूटर की मोपेड, असे दूधवाल्यास विचारल्यास तो दोन्ही पर्याय नीट ऐकून घेतो आणि 'हे एमेटी हाये भाऊ' असे सांगतो. अभ्यासकाने आपल्या वहीत तसेच लिहून घ्यावे आणि दूध फुटण्याआधी त्यास जाऊ द्यावे.