सरड्याची धाव कुंपणापर्यंत

"काकू, आहात का? जरा कुंपणाशी येता?"

"आले गं. एवढे कपडे वाळत घालते. ओमच्या खोलीत दिवसभर कसला उजेड असतो तुमच्या?"

"तेच सांगायचंय. हट्ट करकरून सरडा आणायला लावला त्याने. बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू, वीतभरसुद्धा नाही."

"लायसन काढलंस ना? इथे न्यू साउथ वेल्समध्ये सरड्यालाही लागतं. रानातून उचलून आणलेला तर अजिबात चालत नाही."

"ते ओमच्या बाबांनी सगळं रीतसर केलंय. पण काकू, तो खातच नाही हो!"

"अगं, नवी सून तरी सासरी पहिल्या दिवशी पोटभर जेवते का? थोडे दिवस त्याला हातात घेऊ नका. आणि वरून तर कधीच धरू नका. डोक्यावर मधोमध ठिपका दिसतो ना, तो त्याचा तिसरा डोळा."

"काहीतरीच! शंकर आहे का तो?"

"त्यातून चित्र दिसत नाही, उजेड-सावली तेवढी कळते. वरून सावली पडली की त्याला वाटतं घार आली. हात बाजूने न्यायचा आणि पोटाखाली घालून उचलायचं. आमच्या केतकीने पाळला होता, म्हणून माहीत. बरं, खायला काय ठेवलंस?"

"सफरचंदाची फोड, लेट्यूस, पालक."

"म्हणजे एकादशीच! अगं, वाढीच्या वयात त्याचं बरंचसं जेवण किड्यांचं असतं, पाला तोंडी लावण्यापुरता. मोठा झाला की उलट. रातकिडे आण. त्याच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. दिवसातून दोन-तीनदा, दहा मिनिटांत खाईल तेवढे. उरलेले काढून घ्यायचे, नाहीतर रात्री तेच त्याला चावतात."

"रातकिडे? आमच्या घरात? सासूबाईंना कळलं तर!"

"गराजमध्ये ठेव डबा. त्यांनाही गाजर, भोपळा खाऊ घाल. त्यांच्या पोटात जाईल तेच शेवटी याच्या पोटात. देताना पिशवीत कॅल्शियमची पावडर घालून हलवायचे, पांढरे होतात बघ. पालक मात्र बंद, त्याने कॅल्शियम अंगी लागत नाही. बॉक चॉय, कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा दे. आणि ॲव्होकाडो चुकूनही नको, विषारी असतं त्याला."

"एवढं केलं की खाईल?"

"दिवा कसला लावलाय ते सांग आधी."

"साधा गरम बल्ब. आणि सकाळी खिडकीतलं ऊन मिळतं की."

"इथेच तर घोळ आहे! काचेतून उजेड येतो, पण ज्या यूव्हीबी किरणांनी हाडं धरतात ते काच अडवते. ते नसले तर कितीही कॅल्शियम घाल, हाडं मऊ पडतात, पाय वाकडे होतात. वेगळी यूव्हीबीची नळी लागते. ती दिसायला जळत राहते, पण आतला दम आधीच संपतो. म्हणून पाकिटावरची मुदत बघून बदलायची. आणि ऊन खायच्या दगडावर ४० अंशांच्या आसपास ताप हवा, दुसऱ्या टोकाला २५ ते २८. थर्मामीटर लावून बघ, हाताने अंदाज घेऊ नकोस. अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही, मग खाईल कशाला?"

"आणि तोंड उघडून बसतो, ते?"

"दिव्याखाली बसला असेल तर जास्तीची उष्णता टाकतोय. दाढी काळी केली तर मात्र समज, वैतागलाय किंवा घाबरलाय."

"ओम म्हणतो, याला जोडीदार आणू या."

"मुळीच नको! कोपऱ्यावरच्यांकडे दोन होते एकाच पेटीत. एकाने दुसऱ्याची शेपटी कुरतडली, ती परत येत नाही याची. शिवाय खाली वाळू पसरली होती. रातकिड्याबरोबर ती पोटात जाऊन आतडं अडलं. पिल्लाला पेपर टॉवेल बरा, घाणही लगेच दिसते."

"नर आहे की मादी, तेही कळेना."

"लहानपणी अवघडच. आणि याच्या जातीची गंमत ऐक. अंडं ३२ अंशांच्या वर उबवलं की गुणसूत्रांनी नर असलेल्यातूनही मादी निघते! कॅनबेराच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की हे रानातही घडतं."

"अगंबाई! मग बारसं लांबणीवरच टाकते."

"टाक. आधी दिवा बदल. तरी खाल्लं नाही, वजन उतरलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला दाखव. जाताना ताजी शी डबीत घालून ने, जंत तपासतात. आणि ओमला सांग, त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला असतो अंगावर."

"बाई, माणसाच्या पोराहून जास्त थेर आहेत याचे!"

"आहेतच. आणि नीट सांभाळलास तर दहा वर्षं सहज जगतो. तोवर ओम शिकायला बाहेर गेलेला असेल. रातकिडे तुलाच पाळायचेत, हे आत्ताच धरून चाल."