यंदाही आमचं अतिक्रमण लिहा

मराठवाड्यात गायरान वाहणाऱ्या माणसाला दंड झाल्याची भीती नसते. दंड न झाल्याची असते. ज्या साली तलाठ्याने गाव नमुना 1-ई मध्ये अतिक्रमण नोंदवून दंड लावला, ते साल पुराव्यासकट पदरात पडले. ज्या साली तलाठी फिरकलाच नाही, ते साल वाया गेले, मग सोयाबीन कितीही पिकलेले असो. म्हणून सेनगावच्या साखऱ्यापासून थेट बीडपर्यंत आरोपीच साहेबांच्या मागे धावतो, “साहेब, यंदाही आमचं अतिक्रमण लिहा.”

हा वेडेपणा नव्हे, शासन निर्णय आहे. 28 नोव्हेंबर 1991 रोजी सरकारने भूमिहीन दलित-आदिवासींची लागवडीखालची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. मुख्य अट : अतिक्रमण 14 एप्रिल 1990 पूर्वीचे हवे. तेव्हापासूनचा ताबा दाखवायला दंडाच्या नोंदीच कामी येतात. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहींनी 1959 आणि 1964 साली तुरुंग भरून जमीन मागितली, ती मागणी अशी एका तारखेत येऊन बसली. वेळेवर शिरला तो लाभार्थी. कायद्याला भिऊन बांधावर थांबला, तो अजून बांधावरच आहे.

शिरलेल्याचेही सुखाचे नाही. तहसीलदार म्हणतात, दंडाची मूळ पावती दाखवा. उपविभागीय अधिकारी म्हणतात, पावतीवर जुना सर्व्हे नंबर आहे, नवा गट कुठला? अपर आयुक्त प्रकरण फेरचौकशीसाठी खाली धाडतात, आणि खाली तोवर तलाठी नवा आलेला असतो.

एवढ्यात 2022 साली उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतली. सरकारने अतिक्रमणांचा आकडा 2 लाख 22 हजारांवर सांगितला. पट्टे द्यायला तीस वर्षे पुरली नाहीत. नोटिसा मात्र झटपट निघाल्या. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा. भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेले पट्टे त्याच निकालात अपवाद मानले आहेत. नोटिशीत तेवढे छापायला कागद पुरला नसावा.

मग गायरानावर सूर्य उगवला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये सरकारी जमीन सौर प्रकल्पाला 30 वर्षांच्या पट्ट्याने मिळते, नाममात्र 1 रुपया दराने. तोच प्रकल्प खासगी शेतात उभा राहिला तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. ऊन दोन्हीकडे सारखेच पडते. आता एका गटावर दोन हक्कदार : एकाकडे पिशवीभर पावत्या आणि पट्टा शून्य, दुसऱ्याकडे ताजा पट्टा. कंपनीला कोणी विचारत नाही, 1990 साली तुम्ही कुठे होता? आणि आमच्या माणसाने एका साली भरलेला दंडसुद्धा त्या रुपयापेक्षा जास्त असतो. भाडेकरू म्हणून पाहिले तर सरकारचे चांगले गिऱ्हाईक तोच आहे!

राहता राहिल्या गायी, ज्यांच्या नावाने ही जमीन राखली. त्यांचा अर्ज कुठल्याच दफ्तरात दाखल नाही, म्हणून त्यांना तारीखही पडत नाही. सुटल्या बिचाऱ्या.

तेव्हा गायरान वाहणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे : पावत्या लॅमिनेट करू नका. शिक्का पुसट होतो आणि साहेब तिला झेरॉक्स समजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरड्या डब्यात ठेवा. आणि यंदाचा दंड अजून लागला नसेल, तर आधी तलाठी गाठा.