वीस पंचे शंभर

यंदा मी पाच दिवाळी अंकांना पाच लेख पाठवले. एकेक लेख छापून येण्याची शक्यता मी वीस टक्के धरली होती. हा आकडा कुठून आणला विचारू नका. आजवर माझं काय काय छापून आलं त्यावरून तर नक्कीच नाही. वीस पंचे शंभर, तेव्हा एक तरी लेख येणारच, असं मी सकाळच्या चहाला जाहीर केलं.

"मग सहावा पाठवा," बायको म्हणाली. "एकशेवीस होतील."

दहावीला गणितात १५० पैकी १३८ मिळवलेल्या माणसाला हे लागतं. मी कागद ओढला. अशा शक्यतांची बेरीज करायची नसते, उलट्या बाजूनं जायचं असतं. एक लेख नाकारला जाण्याची शक्यता ०.८. पाचही नाकारले जायचे तर ०.८ पाच वेळा मांडून गुणाकार, म्हणजे ०.३२७६८. तो एकातून वजा केला की हातात राहतात ६७ टक्के. शेवालिए द मेरे या फ्रेंच सरदाराचीही फाशांच्या बाबतीत अशीच फसगत झाली म्हणतात. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा पडण्याची शक्यता ५१.८ टक्के, तेव्हा पैज फायद्याची. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून दोन्हींवर सहा पडायलाही तेवढीच असणार, असा त्याचा हिशेब. ती भरते ४९.१. त्याचं प्रकरण १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रांपर्यंत गेलं. माझं ओट्यापाशीच मिटलं.

पण माझा खरा जीव नळराजावर. फाशांत राज्य घालवून तो बाहुक या नावानं ऋतुपर्णाचा सारथी झालाय. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी अयोध्येहून विदर्भात एका दिवसात पोचायचंय. रथ सुसाट निघालाय आणि ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याकडे नुसतं बघून सांगतो, त्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. आता, नळाची स्वतःची बायको तिकडे दुसरं लग्न करायला निघालीय, निदान तसा निरोप तरी आहे. दुसरा कुणी घोडे पिटाळेल. हा रथ थांबवतो, खाली उतरतो आणि म्हणतो, मोजून बघतो. राजा म्हणतो, उशीर होतोय. हा म्हणतो, मग दुसरा सारथी घेऊन पुढे व्हा! झाड तोडतो, फळं मोजतो, आकडा तंतोतंत जुळतो. मग तो राजाकडून फाशांची विद्या घेतो आणि अंगातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. ही गोष्ट मी दोन मुंजी, एक बारसं आणि एका साठीशांतीत सांगितलेली आहे.

"माझ्या दुसऱ्या स्वयंवराला तुम्हीही असेच उशिरा याल," बायको म्हणाली.

जुलै गेला, ऑगस्ट निम्मा सरला. पूर्वी तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं की निदान 'साभार परत' तरी यायचं. आता ईमेल. आता साभारही नाही आणि परतही नाही.

"तुमचा गुणाकार बरोबर आहे," एका संध्याकाळी बायको म्हणाली. तिनं तीस वर्षं विमा कंपनीत काढलीत. "पण तो करायला पाच गोष्टी एकमेकींपासून सुट्या लागतात. एका चाळीतल्या पाच खोल्यांचा विमा असला, तरी आग पाच वेळा लागत नाही. लेख पाच असले तरी लिहिणारा हात एकच ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. वडील मात्र आठवले. 'एक तरी' हे शब्द आमच्या घरात जुने. वडील दर आठवड्याला राज्य लॉटरीचं एक तिकीट घेऊन पंचांगात ठेवायचे. एवढी घेतोय, एक तरी लागेल. पंधराव्या वर्षी, नव्या हुशारीच्या भरात, मी त्यांना गणित मांडून दाखवलं: दहा लाखांत एक धरलं, तर हजार आठवडे, म्हणजे एकोणीस वर्षं तिकीट घेऊनसुद्धा शक्यता हजारात एकीच्याच आसपास. त्यांनी कागद नीट वाचला, "बरोबर आहे रे" म्हणाले आणि तिकीट घेणं बंद केलं. पेपर आला की निकालाचं पान मात्र ते उघडायचेच. हातात तिकीट नसताना, चष्मा पुसून, सगळे आकडे वाचायचे. तो कागद मी त्यांना दाखवायला नको होता.

असो. काल एका संपादकांचं उत्तर आलं. लेख आवडलाय, घेऊ म्हणतात. फक्त पाव पानाची एक जाहिरात मिळवून द्यावी. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, मागे एकदा दिली होती. कुणी किलोभर गहूही जास्त आणला नाही."

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाचं मंगल कार्यालय, मसाल्याचा कारखाना, निदान पापडांचा घरगुती व्यवसाय असेल, तर कृपया कळवा. पाव पान, कृष्णधवल. मजकूर मीच लिहून देईन.