गडावरून काम

पावसाळ्यात पन्हाळ्याला बंगला घेऊन ‘निवांत काम’ करायला येणाऱ्या मंडळींचं सामान एकदा बघावं. कमरेला आधार देणारी खुर्ची, डोळ्यांना न खुपणारा दिवा, टेबलावर ठेवायला बांबूचं इवलंसं रोप. (गडावर झाडं नाहीत, असं कुणीतरी सांगितलं असावं.) टेबल लावायचं दरीकडच्या खिडकीशीच. मग धुकं विचारल्याशिवाय आत शिरतं, दुपारपर्यंत कागद पापडासारखा सादळतो, वीज जाते आणि साहेब एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात भाजलेलं कणीस घेऊन तीन दरवाजापाशी रेंज हुडकत फिरतात.

मोरोपंत १७२९ साली इथंच जन्मले. पण एवढी निसर्गरम्य जागा सोडून त्यांनी आयुष्यभराचं काव्य रचलं ते बारामतीला, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला. रामायणंच म्हणे १०८. तीही मांडी घालून! त्यांच्या कमरेचं काय झालं, यावर एकाही समीक्षकानं लिहिलेलं नाही.

१६६० साली शिवाजी महाराजही गडावर चारेक महिने होते. फरक एवढाच, की खाली सिद्दी जौहरचा वेढा होता आणि बाहेर पडायला जुलैतला पाऊसच कामी आला.

आपले साहेब चौथ्या दिवशी खुर्ची बंगल्यात सोडून झुणका-भाकरीच्या टपरीवर फळकुटाच्या बाकड्यावर बसतात. तिथं रेंज असते, चहा असतो. काम झपाझप उरकायला लागतं, तोच मावशी भाकरी थापता थापता म्हणतात, “पावणं, जरा सरकून बसा की. गिऱ्हाईक हाय.”