मायक्रोवेव्ह: नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

प्रथम यंत्र खोक्यातून काढावं. खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जातं, हे सांगायला नकोच. माहितीपुस्तिका रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. तिथे ती कोणाच्याही वाचनात येत नाही.

आता प्लग. त्याच्या पिना जाड असतात आणि मिक्सरच्या पॉइंटमध्ये शिरत नाहीत. अशा वेळी घरातला एखादा जाणकार दुकानातून कन्व्हर्टर घेऊन येतो. त्याला चहा पाजावा आणि कन्व्हर्टरसह परत पाठवावं. लहान पॉइंट ६ अँपिअरचा. २३० व्होल्टनी गुणलं तर झेपतात १३८० वॉट. खोक्यावर छापलेले ८०० वॉट अन्नाच्या वाट्याचे. भिंतीतून यंत्र १२००च्या आसपास किंवा त्याहून जास्त ओढतं, कन्व्हेक्शनवाली काही यंत्रं तर २०००च्याही पुढे जातात. मग केक होण्याआधी पॉइंट भाजतो. त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याची स्वतंत्र जाड वायर, आणि हे सगळं वायरमनकडून. एक्स्टेंशन बोर्ड दिवाळीच्या माळांसाठी राखून ठेवावा.

तिसरी पिन लांब आणि जाड असते ती मुद्दाम: आत जाताना ती सगळ्यांत आधी लागावी, निघताना सगळ्यांत शेवटी सुटावी. जुन्या इमारतींत मात्र भिंतीत तिसरं भोक असतं आणि त्यामागे काहीच नसतं. टेस्टर फेजला पेटला म्हणजे अर्थिंग आहे, असं नाही. अनवाणी उभं राहून दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ‘थंडीत येतात तशा’ म्हणू नये. प्लग काढावा, वायरमनला बोलवावं. तो आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्यावा.

जागेबद्दल घरात एकमत होईल अशी आशा धरू नये. वर साधारण वीतभर, बाजूंना चार बोटं मोकळी सोडावीत. नेमका आकडा पुस्तिकेत (रेशनकार्डाखाली) आहे. जाळीतून आतला पंखा मॅग्नेट्रॉनला वारा घालत असतो. त्या जाळीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पाव, पावाशेजारी आजोबांच्या गोळ्या असा संसार मांडला की यंत्र तापून मधेच बंद पडतं आणि कंपनीचा उद्धार सुरू होतो. जाळीवरची चिकट धूळ प्लग काढून, कोरड्या ब्रशने झाडावी. फवारा मारू नये, झुरळांसाठीही नाही. झुरळांना आतली ऊब फार आवडते. घड्याळाच्या हिरव्या आकड्यांमागून एखादं सावकाश चालत ८ वरून ९ वर जाताना दिसलं, तर ते सर्किटवर बिऱ्हाड करून आहे असं समजावं.

आत ठिणग्या उडाल्या तर आधी बंद करावं. नंतर स्टीलची वाटी शोधावी. ती ‘मी ठेवली नाही’ असं सगळे सांगतील. वाटी नसेल, तर बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा बघावा. त्यावर आमटीचे शिंतोडे जळून काळे डाग पडले असतील. पत्रा स्वस्तात मिळतो; बदलून घ्यावा.

यंत्राचं पाठचं झाकण मात्र उघडू नये. आतला कपॅसिटर दोनेक हजार व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही धरून बसू शकतो. भाचा इंजिनिअर असला तरी उघडू नये. कॉम्प्युटर इंजिनिअर असला तर विशेषच.