खारी हवा, दुसरं काय!

रत्नागिरीत कॉम्प्युटरची दुकानं भरपूर आहेत. पण मॉनिटरवर अंधुक दिसायला लागलं की बोलावणं आधी आळीतल्या काकांना जातं. असे काका आळीगणिक एक. बहुतेक बँकेतून निवृत्त. शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला पहिला हार यांनीच घातलेला.

काका मॉनिटर बघत नाहीत, आधी खिडकीबाहेर बघतात.

"वहिनी, ही खिडकी उघडीच असते?"

"हो, वारा येतो ना."

"मग झालं तर! खारी हवा, दुसरं काय!"

कडी गंजली, पापड सादळले, जावई तिरसट निघाला, सगळ्याला कारण एकच. निदान अगदीच हवेतलं नाही, हेही सांगायला हवं. मिरकरवाड्यातल्या एका मासळीच्या गाळ्यातला मॉनिटर एकदा सगळं पिवळं दाखवू लागला. काकांनी व्हीजीएची वायर उपसली. तिच्या १५ पिनांतल्या पहिल्या तीन लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या. तिसरीवर हिरवट कीट चढलं होतं. दातांच्या जुन्या ब्रशाने घासल्यावर निळा रंग परत आला, आणि काकांना उलट विचारणारं आळीत कोणी उरलं नाही. नवव्या पिनेची जागा रिकामी बघून "एक पिन चोरीला गेलीय" असंही त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. ती पुष्कळ वायरींत मुळातच नसते. पण सांगणार कोण?

वहिनींच्या पडद्यावर सातबारा होता. क्षेत्र १ गुंठा की ९ गुंठे, ते लागत नव्हतं. एवढ्या फरकावर आपल्याकडे तीन पिढ्या दिवाणी कोर्टात चहा पितात! काकांनी पिना घासल्या, वायर उलटसुलट केली, 'ऑटो'चं बटण दाबलं. मग शार्पनेस शेवटपर्यंत चढवला, तशी प्रत्येक अक्षराला पांढरी कडा फुटली.

"काका, रिझोल्यूशन बघू का?" कॉलेजातल्या पुतण्याने विचारलं.

पडद्याचे ठिपके १९२० बाय १०८०, आणि सेटिंग १०२४ बाय ७६८. एकाचे धड दोनही ठिपके होत नाहीत, म्हणून अक्षर शेजाऱ्याच्या हद्दीत सांडतं. शिवाय चौकोनी चित्र आडवं ताणल्यामुळे लग्नाच्या फोटोत नवरानवरी दोघंही सुजलेली. पोराने आकडा बदलला आणि अक्षरं लख्ख झाली. बारीकही झाली.

"मुंग्या केल्यास रे अक्षरांच्या! गणपतीत मी मोठी करून दिली होती ती!"

म्हणजे हा आजार काकांचाच. आळीतल्या निम्म्या घरांत त्यांनी असाच वाटलेला, आणि तिथल्या तक्रारींवर इलाजालाही तेच जातात.

"रिझोल्यूशन राहू दे, स्केलिंग १२५ टक्के करू."

"टक्के मला शिकवतोस? उभा जन्म व्याज काढण्यात गेला माझा!"

वहिनींनी काकांना कोकम सरबताला आत बोलावलं, तेवढ्यात पोराने काम उरकलं. काका मिशा पुसत बाहेर आले. अक्षरं मोठी आणि स्वच्छ. त्यांनी शांतपणे खिडकी लावून घेतली.

"बघा, वारा बंद केला की कसं दिसतं!"

वहिनी पडद्याशी वाकल्या. क्षेत्र स्पष्ट दिसत होतं. १ गुंठा.

"काका," त्या म्हणाल्या, "खिडकी उघडा बघू परत."